भुताचे गाऱ्हाणे

भोपाळच्या इंद्रपुरीत भुतांना राहावयास सोयीची जागा नाही. १९५६ साली स्थापन झालेल्या हेवी इलेक्ट्रिकल्सच्या कारखान्याशेजारी पसरलेल्या वसाहतींपैकी ही एक. येथल्या घरांना माजघर नाही, पडवी नाही, मागील दारी विहीर नाही. ज्या घरात तीन पिढ्यांची मरणे झालेली नाहीत, त्या घरात मेलेला मनुष्य परत येऊन मागणार तरी काय? असे असूनही २०१६ सालच्या फेब्रुवारीपासून आमच्या या इंद्रपुरीतील घरात रात्री साडेदहाच्या सुमारास एक भूत नियमाने येऊ लागले. झी मराठी वाहिनीवरील ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेतून ते येई, आणि त्याच्या स्वागतास माझी आत्या हातातील जपमाळ बाजूला ठेवून सज्ज असे.

आत्येचे वय आता ऐंशीच्या पुढे आहे. तिचे माहेर म्हणजे आमचे मूळ घर सावंतवाडीच्या मुलखात, सासरही तिकडचेच. मालिकेचे चित्रण सावंतवाडीनजीकच्या आकेरी गावी झाले होते. त्यामुळे पहिले काही दिवस आत्या कथानक पाहतच नव्हती. ती चिऱ्याच्या भिंती, पायऱ्या, माड आणि पावसाळ्यातले अंगण पाहत होती. पुढे मात्र ती कथेत गुंतली, आणि २०२१ साली तिसरे पर्व सुरू झाल्यानंतर एके रात्री तिने जो प्रश्न केला, त्या प्रश्नामुळेच हा लेख लिहिण्याचे माझ्या मनात आले. ती म्हणाली, “अरे, पण ह्या अण्णाक आता होया तरी काय?”

मालिकेचा इतिहास थोडक्यात सांगितला पाहिजे. तिचे नाव १९७६ सालच्या ‘हा खेळ सावल्यांचा’ या चित्रपटातील सुधीर मोघे यांच्या गीतावरून घेतलेले आहे. पहिले पर्व २२ फेब्रुवारी २०१६ रोजी सुरू होऊन त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात संपले. नाईकांच्या वाड्यातील कर्ता पुरुष अण्णा नाईक मरण पावतो, पांगलेले कुटुंब एकत्र येते आणि चमत्कारिक घटनांना आरंभ होतो, असा त्याचा प्रारंभ. दुसरे पर्व १४ जानेवारी २०१९ ते २९ ऑगस्ट २०२० या काळात झाले. त्यात कथा मागे गेली आणि जिवंत अण्णा प्रेक्षकांपुढे आले. माधव अभ्यंकरांनी उभा केलेला तो लोभी, कामुक, दरारा बाळगणारा गावपुढारी. अपूर्वा नेमळेकरांची शेवंता. शकुंतला नरे यांची सोशिक माई. आणि स्वतः लेखनाची बाजू सांभाळून पांडूची विसरभोळी भूमिका करणारे प्रल्हाद कुडतरकर ही मंडळी या पर्वामुळे घरोघर पोहोचली. तिसरे पर्व २२ मार्च २०२१ रोजी सुरू झाले व २०२२ साली संपले. त्या समाप्तीचे दुःख आमच्या घरी कोणालाच झाले नाही, आणि तेच मला दुःखाचे वाटते.

पहिल्या पर्वाच्या आरंभी या मालिकेला विरोधही झाला होता. कोकणची बदनामी होते, अंधश्रद्धा वाढते, असे आक्षेप घेण्यात आले. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली झालेला असल्याने या आक्षेपांना कायद्याची पार्श्वभूमीही होती. भूत आहे की नाही, या वादात मला येथे शिरावयाचे नाही. भूत असो वा नसो, भुताची कथा आहे; आणि कोकणात त्या कथेला तिचा स्वतःचा असा एक कायदा आहे. तिसऱ्या पर्वाने तो मोडला, असे माझे प्रतिपादन आहे.

या कायद्याची साधने कोठे सापडतात? एक साधन मोठ्या विलक्षण मार्गाने आपल्यापर्यंत आले आहे. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन हा संस्कृतचा व्यासंगी होता, आणि लोकसमजुतींविषयी प्रश्नावल्या पाठवून शाळामास्तरांकडून त्यांची उत्तरे मिळविण्याचा उद्योग त्याने आरंभिला होता. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या प्रसंगी अनंत कान्हेरे यांनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या. तो राज्यकर्ता होता व राज्यकर्ता म्हणूनच मारला गेला. परंतु त्याने जमविलेली टिपणे मागे राहिली, आणि एन्थोवेन या दुसऱ्या अधिकाऱ्याने त्यांतून कोकणच्या लोकसमजुतींचा ग्रंथ १९१५ साली सिद्ध केला. हा सारा संग्रह खेड्यांतल्या मराठी मास्तरांच्या उत्तरांवर उभा आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आपल्याकडील भुतांची वर्गवारी पाहिली म्हणजे वकिलाचे मन थक्क होते. मुंज होऊन सोडमुंजीपूर्वी गेलेला मुलगा मुंजा होतो. निपुत्रिक किंवा द्रव्यावर जीव ठेवून मेलेला पुरुष समंध होतो. बाळंतपणात गेलेली स्त्री हडळ होते. बायाबापड्यांना भिववण्यासाठी रचलेली ही जंत्री नव्हे. कोणाचा कोणता हक्क अपुरा राहिला, याची ती नोंदवही आहे. मुंज्याचे गृहस्थाश्रम राहिले, समंधाचा वारस राहिला, हडळीचे मूल राहिले. ज्याचे काही राहिले नाही तो भूत होत नाही. तो पितरांत जातो आणि वर्षातून एकदा पान घेऊन तृप्त होतो.

म्हणूनच कोकणात घरात काही विपरीत घडू लागले की पहिला प्रश्न ‘याला घालवावे कसे?’ असा नसतो, ‘याचे काय राहिले आहे?’ असा असतो. ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवून गुरव अथवा मानकरी गाऱ्हाणे घालतो. गाऱ्हाणे या शब्दाचा अर्थ तक्रार असा आहे, हे आपण सवयीने विसरतो. त्यात गावच्या देवतांची, पूर्वसत्तांची, राखणदारांची नावे ओळीने घेतली जातात, तक्रारदार कोण ते सांगितले जाते, मागणे काय ते सांगितले जाते, आणि जमलेली मंडळी होकार भरतात. मग कौल लावला जातो. उजवीकडची पाकळी पडली की एक, डावीकडची पडली की दुसरे. गोव्यातील आपल्या देवस्थानांत यालाच प्रसाद लावणे म्हणतात. पक्षकार, पूर्ववृत्त, मागणी, निकाल असा हा क्रम आहे. दिवाणी न्यायालयातील दाव्याच्या अर्जाचा क्रम याहून फारसा वेगळा नसतो. मराठी दाव्यात एक ठरीव वाक्य असते, ‘दाव्यास कारण अमुक रोजी अमुक ठिकाणी घडले’. आणि ज्या अर्जातून दाव्याचे कारणच दिसत नाही तो अर्ज १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ७, नियम ११ अन्वये न्यायालय पुराव्यापर्यंत न जाताच फेटाळते.

या दृष्टीने पाहिले तर पहिले पर्व हा सरळसरळ वाटणीचा दावा होता. कर्ता पुरुष गेला, मुले जमली, सुना जमल्या, दुःखापेक्षा हिशेब मोठा झाला. ज्या रसिकांनी ती भीती अनुभवली त्यांनी आठवून पाहावे: अंधारातील सावलीपेक्षा एका छपराखाली राहणाऱ्या भावांच्या नजरा अधिक भयंकर होत्या. कोकणातील कित्येक घरे अशीच कुलुपबंद पडून आहेत. सातबाऱ्यावर पणजोबांचे नाव, त्याखाली वारसांची बावीस नावे, त्यांतली सोळा मुंबईत आणि दोन परदेशात. कोणी विकू शकत नाही, कोणी दुरुस्त करू शकत नाही. अशा घराला भूत लागले आहे असे गाव म्हणते, तेव्हा गाव अगदीच खोटे बोलत नाही. पहिल्या पर्वाचा शेवट सर्वांच्या गळी उतरला होता असे नाही. तथापि त्या भुतामागे एक मेलेला बाप आणि न झालेली वाटणी होती, एवढे स्पष्ट होते.

दुसऱ्या पर्वाने याच्याही पुढे पाऊल टाकले. माझ्या मते मराठी दूरदर्शनच्या इतिहासात भयकथेने एवढे गंभीर काम क्वचितच केले असेल. त्याने दाव्यास कारण केव्हा व कसे घडले ते दाखविले. अण्णांनी कोणाच्या जमिनी गिळल्या, कोणाला फसविले, घरात माईचे काय केले, आणि शेवंतेला काय शब्द दिले, हे सारे महिनोन्महिने उलगडत गेले. ज्यांना अण्णांनी बुडविले ते त्यांच्याच डोळ्यांपुढे उभे राहू लागले. १९४८ चा कूळकायदा आणि १९४९ चा खोती निर्मूलन कायदा येण्यापूर्वी व आल्यानंतरही गावोगावी जे पुढारी कागद फिरवून जमिनी राखीत, त्यांच्या कथा ज्यांनी आजोबांच्या तोंडून ऐकल्या आहेत, त्यांना अण्णा नाईक ही व्यक्ती कल्पित वाटली नसावी.

शेवंतेविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण तिच्याकडे प्रेक्षकांनी बहुधा रूपवती खलनायिका म्हणून पाहिले. आपल्या जुन्या धर्मशास्त्रात तिच्यासारख्या स्त्रीला नाव होते: अवरुद्ध स्त्री. एखाद्या पुरुषाने आमरण एकनिष्ठपणे ठेवलेली स्त्री त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या मिळकतीतून पोटगी मागू शकते, असे मिताक्षरेच्या परंपरेत मानले जाई. मुंबईहून गेलेल्या नागूबाई विरुद्ध मोंघीबाई या दाव्यात प्रिव्ही कौन्सिलने १९२६ साली हा हक्क मान्य केला आणि त्यासाठी तिने कुटुंबाच्याच घरात राहिलेले असले पाहिजे असे नाही, असे ठरविले. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९४५ मध्ये, नवरा सोडून आलेल्या विवाहित स्त्रीलाही हा दर्जा मिळू शकतो, असे म्हटले. आणि मग १९५६ साली दत्तक व पोटगीचा कायदा झाला. त्याने अनौरस मुलांना मर्यादित संरक्षण दिले, परंतु आश्रितांच्या यादीतून ही स्त्री गाळली. एकपत्नीत्वाचा आग्रह धरणाऱ्या त्या सुधारणेचा मी समर्थक आहे. तरीही सुधारणा होताना कोण दाराबाहेर राहिले, याची नोंद कोणी तरी ठेवली पाहिजे. कायद्याने ती ठेवली नाही. दुसऱ्या पर्वातील शेवंता ही ती नोंद होती. तिची मुलगी सुषमा हिची स्थिती तर याहून बिकट. लग्न कायम असता जन्मलेले मूल नवऱ्याचेच, असे पुराव्याचा कायदा गृहीत धरतो. आणि ते गृहीत खोडून काढले तरी वारसा कायदा अनौरस संततीचे नाते आईशी जोडतो, बापाशी नाही. सारा गाव जिला अण्णांची मुलगी म्हणून ओळखतो तिला न्यायालय अण्णांची वारस म्हणून ओळखणार नाही. अशी माणसे जेथे आहेत तेथे भुतांची गरज आहे.

जुन्या शास्त्रात याची दुसरीही बाजू होती. बापाचे ऋण फेडणे हे मुलाचे धर्मकर्तव्य. मात्र मद्य, द्यूत व कामवासना यांपायी केलेले अव्यावहारिक ऋण मुलावर बंधनकारक नाही. २००५ च्या दुरुस्तीने ही धर्मकर्तव्याची कल्पनाच न्यायालयाच्या कक्षेतून काढून टाकली. अण्णांची बहुतेक ऋणे अव्यावहारिक होती. दत्ता, माधव, अभिराम या मुलांकडून ती कोणतेही न्यायालय, जुने वा नवे, वसूल करू शकले नसते. मग ती मागावयास कोण येणार? येथेच कोकणची भयकथा जन्म घेते.

आता तिसऱ्या पर्वाकडे वळू. त्याच्या पायात अनेक बेड्या होत्या, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. मालिका सुरू होऊन महिना होतो न होतो तोच कोरोनाच्या दुसऱ्या लाटेमुळे महाराष्ट्रातील चित्रणे थांबली, आणि मालिका ऑगस्टमध्ये पुन्हा सुरू झाली. रात्रीचे अकरा ही वेळ वृद्धांना व कामावर जाणाऱ्यांना सारखीच गैरसोयीची. पुढे अपूर्वा नेमळेकर मालिकेतून बाहेर पडल्या व कृतिका तुळसकर शेवंतेच्या भूमिकेत आल्या. मध्येच चेहरा बदलला की प्रेक्षकाला नव्याने श्रद्धा ठेवावी लागते, आणि ती नेहमीच बसते असे नाही. पण या अडचणी नसत्या तरी हे पर्व फसलेच असते, असे मला वाटते.

कारण आत्येच्या प्रश्नाला त्यापाशी उत्तर नव्हते. वाड्याला अवकळा आलेली, घर पांगलेले, आणि अण्णा व शेवंता दोघेही आता प्रेतरूपाने तेथे वावरणारे, येथपर्यंत मांडणी आशा लावणारी होती. मला वाटले, आता खरा दावा चालेल. शेवंता अण्णांविरुद्ध उभी राहील. ज्याने दिलेला शब्द मोडला तो आणि जिला तो शब्द दिला ती, दोघेही मेलेली, आणि साक्षीला एकटी माई. पण घडले भलतेच. भिववणे हाच भुतांचा व्यवसाय झाला. दार वाजते, दिवा जातो, कोणाच्या तरी अंगात येते, आणि दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. ज्या अण्णांनी लोकांचे हक्क बुडविले तेच भूत होऊन बसले. म्हणजे ऋणकोच धनको झाला! मेल्यावरही अण्णांचे काही राहिले असेल तर ती त्यांची हाव, आणि हावेला कौल लावता येत नाही. शेवंतेचे मात्र खरोखर राहिले होते. तिला या पर्वाने अण्णांच्या जोडीला उभे केले, त्यांच्यासमोर नाही.

येथे दशावताराची आठवण होणे अपरिहार्य आहे. आकेरीच्या आसपासच्या देवळांतून जत्रेच्या रात्री जो खेळ होतो, तोही रात्रीसच चालतो. आधी संकासुराचा वध, मग आख्यान, आणि पहाटे दहीकाला. नाटकाला लिखित संहिता नसते. नट आयत्या वेळी संवाद रचतात. पण रात्र कितीही रंगली तरी उजाडण्यापूर्वी हंडी फुटली पाहिजे, हे नटाला ठाऊक असते आणि घोंगडीवर पेंगणाऱ्या पोरालाही ठाऊक असते. गोव्यात डिचोलीनजीक साळ येथे होळीच्या दिवसांत गड्यांचा उत्सव होतो. तेथे रात्री देवचार गड्यांना नेतो अशी श्रद्धा आहे. पण नेलेले गडे परत आणले जातात, ते तसेच रानात सोडून कोणी घरी जात नाही. मालिकेला अशी पहाट नसते. तिची लांबी प्रेक्षकसंख्येवर ठरते, आणि ती संख्या घटली की खेळ हंडी न फोडताच उठतो. शेवटच्या भागात काय घडावे हे पहिल्या दिवशी ठरलेले नसेल, तर भुताची मागणी तरी कोण ठरविणार?

आत्येने ते पर्व निम्म्यावर सोडले व ती नऊ वाजता झोपू लागली. परंतु तिच्या त्या प्रश्नाचा उत्तरार्ध आमच्या स्वतःच्या घरात निघाला.

आमचे मूळ घर विकावे असे चुलत भावंडांनी ठरविले होते. घराची वाटणी कधीच झाली नव्हती. २००५ पूर्वी मुलीला राहत्या घराची वाटणी मागता येत नसे. भावांनी मागितली तरच तिला हिस्सा. त्या वर्षीच्या दुरुस्तीने ती आडकाठी गेली, आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी, म्हणजे दुसरे पर्व संपण्याच्या अठरा दिवस आधी, सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा यांच्या दाव्यात मुलीचा हक्क जन्मापासूनचा असल्याचे स्पष्ट केले. तेव्हा आत्येच्या सहीवाचून विक्री शक्य नव्हती. कागद मीच तयार केले, तिच्यापुढे ठेवले आणि पेन दिले. तिने पेन खाली ठेवले.

आमच्याकडे सर्वपित्रीला मागील दारी एक पान वेगळे वाढले जाते. ते कोणाचे, असे लहानपणी मी विचारले होते, आणि “राखणदाराचे” असे उत्तर मिळाले होते. त्या दिवशी आत्येने खरे सांगितले. आजोबांच्या धाकट्या भावाने एक स्त्री ठेवली होती. विहिरीकडचा खण तिच्या नावे करून देण्याचे त्याने कबूल केले होते. कागद झाला नाही. तो गेल्यानंतर बाराव्याच्या आत तिला एका पेटीनिशी बाहेर काढण्यात आले. आत्या तेव्हा सहा वर्षांची होती. ती पेटी उचलून बेड्यापर्यंत नेऊन देणारी तीच. पुढे त्या बाईचे काय झाले हे घरात कोणी विचारले नाही, पण पान वाढावयास मात्र सुरुवात झाली.

मी वकिलाप्रमाणे बोललो. मुदत कधीच संपली, वारस ठाऊक नाहीत, कागद नाही. आत्या म्हणाली, “तुझ्या कोर्टात नाय, माका ठाऊक आसा. देवळात घाल.” तिची मागणी एवढीच होती की विक्रीपूर्वी ग्रामदेवतेपुढे त्या बाईचे नाव घेऊन गाऱ्हाणे घालावे, आणि तिच्या खणाच्या किमतीइतकी रक्कम बाजूला काढून देवळाच्या अन्नदानास लावावी. चुलत भावंडांत यावर बरीच बोलाचाली झाली. एकाने तर ही मालिका पाहून म्हातारीचे डोके फिरल्याचे मला दूरध्वनीवर ऐकविले. अखेर दोन महिन्यांनी सर्वांनी मान्य केले.

गाऱ्हाण्याच्या दिवशी आत्येला प्रवास झेपणार नव्हता. मी देवळात उभा होतो आणि ती इंद्रपुरीतून दूरध्वनीवर ऐकत होती. नारळ ठेवला गेला. गुरवाने नाव विचारले, आत्येने सांगितले. ते नाव मी आयुष्यात प्रथमच ऐकत होतो. गुरव घुटमळला आणि म्हणाला, “आये, कोणाची म्हणान सांगू?”

“आमच्या घरची म्हणान सांगा,” आत्या म्हणाली.

भोपाळला परतल्यावर तिने तिन्ही प्रतींवर सह्या केल्या.